वरून लावलेला दिवा

आमच्या घरी दिवाळी नाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, आणि त्या वर्षीची दिवाळी आली तेव्हा आईने पणत्या बाहेर काढल्याच नाहीत. तेव्हा दिवाळी अंकात मी काय लिहू, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या घरी दिवे लावले तुम्ही. तुमच्यावाचून दिवाळी कशी?" माणूस गोड बोलतो. गोड बोलण्याला मी लवकर भुलतो, हे माझ्या बायकोचं मत आहे आणि ते खरं आहे.

मी वायरमन. यवतमाळला एका कंत्राटदाराच्या हाताखाली काम शिकलो आणि दारव्ह्यात विजेचे खांब आले तेव्हा परत गावी आलो. त्या काळात वायरिंग भिंतीच्या आत जात नसे. सागवानी पट्टी रंधून घ्यायची, भिंतीत भोकं पाडून त्यात लाकडी गिट्ट्या ठोकायच्या, त्यांच्यावर पट्टी स्क्रूने बसवायची, आणि पट्टीवरून तार न्यायची. तार सुटू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर पत्र्याची चिपटी क्लिप. पट्टी ओळंब्यात नसली तर आंधळ्यालाही ती वाकडी दिसते, असं आमचा कंत्राटदार म्हणायचा. माझी पट्टी वाकडी गेली नाही. ही बढाई आहे आणि मी ती मारणार.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. राजूरच्या खाणीवरच्या एका मुकादमाने मला बटण घराबाहेर, ओट्यावर बसवायला लावलं. रात्री झोपताना वीज घरात नको म्हणाला. पुढे येणारा-जाणारा ते बटण दाबायचा आणि तो आतून शिव्या द्यायचा. दारव्ह्याच्या एका व्यापाऱ्याने मीटरला हार घालून त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि आकडा वाचायला आलेल्या माणसाला चपला काढायला सांगितल्या.

पण मला आठवतं ते दुसरंच. घरात पहिला दिवा लागला की माणसं हात जोडत. दिवेलागणीला दिव्याला नमस्कार करायची जुनीच सवय. मग ते जोडलेले हात आनंदाच्या भरात माझ्याकडे वळत, अन् मी कोण हे आठवलं की हळूच खाली जात. मला त्याचं हसू यायचं. सुरुवातीला यायचं.

तशा घरांत मी ओसरी, बैठक, माजघर करायचो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायचो. घरभर वीज आणि चुलीपाशी घासलेटची चिमणी, अशी कितीतरी घरं मी करून सोडली. कोणी रागावून बोलत नसे. "तिथं राहू दे," एवढंच म्हणत. राहू देण्याची मला सवय होती, पण दीक्षेनंतर ती मोडत चालली होती.

दारव्ह्यातल्या एका वकीलसाहेबांच्या घरी असंच झालं. वकीलसाहेब सज्जन माणूस, बैठकीत मला खुर्ची द्यायचे. माजघराचं काम संपवून मी हत्यारं आवरत होतो, तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला.

"आणि इथं?"

वकीलसाहेब गडबडले. "वहिनी, तिथं कसं होईल?"

"इथं दिवसाही अंधार आहे. बैठकीत उजेड पाडून पक्षकारांची तोंडं पाहता, आणि मी तांदळातले खडे चिमणीवर निवडू?"

या काकू. वकीलसाहेबांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा तरणाताठा गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून लाल आलवण, डोक्याचा गोटा, आणि त्या घरचा सगळा स्वयंपाक. सोवळं इतकं कडक की घरातल्या मुलांनाही आंघोळीशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. काकूंचं त्या घरात जे काही होतं ते चुलीपाशी होतं. तिथं त्यांचा शब्द चाले, बाकी घरात कोणी त्यांना विचारत नव्हतं.

मी दाराआडूनच म्हणालो, "लावतो ना काकू. अंदर यावं लागन."

"आत नाही यायचं."

"मग हात माजघरातून लांबवू काय?"

वकीलसाहेबांनी मान खाली घातली. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग काकू म्हणाल्या, "वर माळा आहे. मागच्या अंगणातून शिडी आहे त्याला. वरून लाव."

मला राग आला. "काकू, माह्या हातची तार चालते तुमाले, उजेड चालते. मी काहून नाही चालत?"

"असंच आहे रे ते. आजवर कोणी विचारलं नाही मला, अन् मला सांगताही येत नाही. पण उजेड पाहिजे."

घरी जाऊन शांतेला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "नाही म्हना. मागच्या अंगणातून जायाचे दिवस गेले आता. कायले घेतली मंग दीक्षा?" तिचं बरोबर होतं. तरी मी गेलो. कारण सांगतो, आणि ते थोडं लाजिरवाणं आहे. काम नवं होतं. तसं काम जिल्ह्यात कोणी केलेलं माझ्या ऐकिवात नव्हतं, आणि नव्या कामाला मी नाही म्हणू शकत नाही.

अडचण अशी होती. नेहमीचा दिवा छताखाली लोंबता असतो. त्याचा लाकडी ठोकळा खालून बसवावा लागतो आणि बल्ब गेला की खालूनच बदलावा लागतो. घरातलं कोणी बल्बला हात लावायला तयार नव्हतं, आणि मला खाली मज्जाव. म्हणजे दिवाच छतात घ्यायला हवा होता. स्वयंपाकघराचं छत बुटकं, जाड सागवानी फळ्यांचं. फळीला गोल भोक पाडायचं आणि वरून त्यावर दिव्याचं घर बसवायचं. मी घासलेटचा डबा कापला, आतून घासून चकचकीत केला आणि उपडा करून भोकावर ठोकला. वरच्या कडेला गरम हवा जायला छिद्रं पाडली, कारण बल्ब कोंडला की लवकर मरतो आणि लाकूडही तापवतो. वर उघडतं झाकण, झाकणाला आतून पितळी होल्डर. झाकण उचललं की बल्ब हातात येई. खालून पाहणाऱ्याला छतात नुसता उजेडाचा एक गोल दिसणार, दिवा दिसणारच नाही. आता मोठ्या शहरांत स्वयंपाकघराच्या छतात असे पुरलेले दिवे हौसेने लावतात. माझ्या नातवाने मला ते कौतुकाने दाखवले. मी ते दोनदा लावून, विझवून पाहिले.

भोक कुठे पाडायचं ते काकूंनी खालून ठरवलं. मी फळ्यांवर पालथा पडलो होतो आणि त्या खालून लाटण्याने ठोकत होत्या.

"इथं. नाही, जरा चुलीकडं. हं, इथं. माझ्या हातावर पडला पाहिजे, भिंतीवर नको."

भोक पडलं आणि पहिल्यांदा मला काकू दिसल्या. वर वळलेला चेहरा, धुराने लाल झालेले डोळे, गालावर पीठ. मी बल्ब लावून झाकण बसवलं, आणि त्यांनी उंबऱ्यातून हात लांबवून माजघराच्या भिंतीवरचं बटण दाबलं. वरच्या एका फटीतून मी खाली पाहत होतो. काकूंनी हात जोडले. दिव्याला जोडले की मला, ते कळायला मार्ग नव्हता, कारण खालून मी त्यांना दिसतच नव्हतो. मधे दिवा होता. पण ते हात बराच वेळ खाली गेले नाहीत.

त्यानंतर बल्ब गेला की मला निरोप येई. मी मागच्या अंगणातून शिडी चढे, झाकण उचली आणि त्या भोकातून आमचं बोलणं होई. माझ्या घरचं सगळं त्यांना ठाऊक झालं. मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवलं, शांतेला ताप होता तो उतरला का, माझी आई अजून मोळी आणायला जाते का. शिडीच्या तोंडाशी पळसाच्या द्रोणात काहीतरी ठेवलेलं असे, कधी करंजी, कधी वड्या. मी तो द्रोण घरी नेला तेव्हा शांतेने तो लांबूनच पाहिला. "द्रोण काहून? त्याईच्या घरी ताटली नव्हती काय?" मी वडी खाल्ली. वडी चांगली होती आणि शांताही बरोबर होती.

पहिला बल्ब पंचवीस वॅटचा होता. वर्षभरात काकू म्हणाल्या, जरा मोठा लाव. मी चाळीसचा लावला. मग साठचा. साठचा लावला त्या दिवशी त्या खालून हळूच म्हणाल्या, "दौलत, भाऊजींना सांगू नको हं."

"काय?"

"मोठा लावला ते. डोळे गेले म्हणतील माझे. मग चूल धाकट्या जावेच्या हाती जाईल. अन् चूल गेली की या घरात मी कोण रे?"

"डाक्टरले दाखवा ना काकू."

"दाखवलं की कळेल सगळ्यांना. तू उजेड दे मला, बाकी मी पाहून घेते."

मी उजेड देत गेलो. माझ्या हातात तेवढंच होतं. शंभरचा मागितला तेव्हा मी डबा मोठा केला, छिद्रं वाढवली, आजूबाजूच्या फळ्यांना पत्रा मारला. घरात कुठेच एवढा दिवा नव्हता, वकीलसाहेबांच्या बैठकीतही नाही. चुलीपाशी भर दुपारचं ऊन उतरल्यासारखं वाटे. स्वयंपाक पूर्वीसारखाच होत होता आणि घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. जेवणाऱ्याचं लक्ष ताटात असतं.

तो दिवस सांगायचा तर हातच जड होतो. सकाळची वेळ होती. बल्ब गेल्याचा निरोप आला, मी वर चढलो, शंभरचा नवा बल्ब लावला. बटण खाली चालूच होतं, त्यामुळे बल्ब बसताक्षणी पेटला. मी झाकण पुरतं टेकवायच्या आधी कडेने खाली पाहिलं. काकू बरोबर भोकाखाली उभ्या होत्या, चेहरा वर करून, डोळे सताड उघडे. शंभरचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता. पापणीसुद्धा हलली नाही.

"लावला का रे?" काकूंनी विचारलं.

त्या वाट पाहत होत्या. चेहऱ्यावर अगदी लहान मुलासारखी आशा होती, आता लागेल, आता लागेल अशी. मी हळूच बल्ब सैल केला. उजेड गेला.

"नाही काकू," मी म्हणालो. "बल्ब फुटका निंगाला. उद्या आनतो दुसरा."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि चुलीकडे वळून, बाजूला हात न चाचपता, बरोबर चिमटा उचलला.

घरी येऊन मी जेवलो नाही. शांतेने विचारलं तेव्हा सांगितलं. एरवी त्या घराचं नाव काढलं की ती फणकारायची. त्या दिवशी तिने माझं ताट झाकून ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग आजचा सैपाक कसा केला असन त्या बाईनं?"

दुसऱ्या दिवशी गेलो. शिडी चढलो, झाकण उचललं. काकू खाली उभ्याच होत्या.

"दौलत, काल उजेड होता ना?"

मी कालचा सैल बल्ब हातात धरला.

"खोटं काहून बोललास? माझ्या डोक्यावर केस नाहीत बाबा. दिवा लागला की टाळूला ऊब लागते. काल लागली, अन् मग गेली. तेव्हाच समजले मी." मग म्हणाल्या, "आधी वाटायचं, दिवाच बारीक आहे. तू मोठा लावायचास तेव्हा चार दिवस बरं वाटायचं. मग वाटायचं धूर फार झाला. काल समजलं की दिव्याचं काहीच चुकत नव्हतं."

मला रडू आलं. पालथा पडून रडताना आवाज फार होतो, तो त्यांना ऐकू गेला असणार.

"रडून नको राहू. बल्ब लाव," काकू म्हणाल्या. "लावलास? हं, ऊब आली. आता मला सांग, वरून काय काय दिसून राहिलं?"

"काय म्हंजे?"

"माझं स्वयंपाकघर. मी किती दिवसांत पाहिलं नाही. तू सांग."

मग मी सांगितलं. ज्या खोलीत मी कधी पाय ठेवला नव्हता ती मी त्यांना दाखवली. चूल सारवलेली आहे, डाव्या कोपऱ्याला पोपडा निघाला आहे. चुलीच्या वैलावर दूध ठेवलंय, साय धरलीय. पाटावरवंटा भिंतीशी टेकवून ठेवलाय, त्यावर खोबऱ्याचा कीस चिकटून राहिलाय. डबे ओळीने आहेत, पितळी डब्याला पोचा आहे.

"तो माझ्या माहेरचा," काकू म्हणाल्या. "अन् माझे हात? हातावर पडून राहिला का उजेड?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. भाजल्याचे डाग होते मनगटापर्यंत. काही जुने, काही ओले.

"पडून राह्यला काकू," मी म्हणालो. "तुमच्या हातावरच पडून राह्यला."

"म्हणजे जागा बरोबर सांगितली होती मी," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी काकूंनी वकीलसाहेबांना आपण होऊन सांगितलं. वकीलसाहेब त्यांना नागपूरला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांच्या मागची नस वाळली, हे आधी आणलं असतं तरी थांबलं नसतं. चूल धाकट्या जावेकडे, वकीलसाहेबांच्या बायकोकडे गेली. घरात काकूंना कोणी वाईट वागवलं नाही, उलट बसून राहा म्हणाले. पण बसून राहणं हेच त्यांना येत नव्हतं. एक महिनाही काढला नसेल, त्यांनी भावाला निरोप धाडला. भावाचं गाव राळेगावकडे, आडबाजूला. तिथं वीज नव्हती. "आता मला काय करायची आहे वीज," असं त्या म्हणाल्याचं मी ऐकलं. वकीलसाहेबांनी थोडा आग्रह केला, फार केला नाही.

त्या गेल्या त्या दिवशी मी एसटीच्या स्टँडवर होतो. मुद्दाम गेलो होतो, पण गाडी येईपर्यंत लांबच उभा राहिलो. भावाचा मुलगा तिकिटाच्या रांगेत, आणि काकू एकट्या एका बाकावर, मांडीवर गाठोडं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना समोरून, सारख्या उंचीवरून पाहत होतो. वरून वाटत त्यापेक्षा त्या फार लहानखुऱ्या होत्या. जवळ गेलो तर पिशवीतली हत्यारं वाजली.

"दौलत का रे?"

"हो काकू. आना, गाठोडं मी चढवतो वर."

हात पुढे झाला होता माझा. काकूंनी गाठोडं आणखी जवळ ओढून घेतलं.

"नको रे. सोवळ्याचं आहे त्यात."

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही, आणि तो का आला नाही याचा राग मात्र मला अजून येतो. मी तिथंच उभा राहिलो. गाडी आली. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या आणि मी जिकडे नव्हतो तिकडे तोंड करून म्हणाल्या, "दिवा चांगला लावला होतास तू." ती आमची शेवटची गाठ. दोन पावसाळ्यांनी त्या गेल्याचं कळलं.

वकीलसाहेबांच्या घरातलं सोवळं काकूंबरोबरच गेलं. ते पाळणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढे मुलाचं लग्न झालं, शिकलेली सून आली आणि तिला स्वयंपाकघरात ट्यूबलाइट हवी झाली. मी सवयीने मागच्या अंगणाकडे वळलो, तर ती म्हणाली, "अहो दादा, तिकडं कुठं? इकडून या ना सरळ." तिने मला पुढच्या दाराने, माजघरातून, त्या उंबऱ्यावरून आत नेलं. वर कपबशीत चहा दिला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चांगली मुलगी होती. तिच्यापाशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

ती बाहेर गेल्यावर मी बटण दाबलं. इतक्या वर्षांत माझा दिवा मी खालून कधी पाहिला नव्हता. छतात उजेडाचा एक गोल, बस. मागे कोण आहे ते खरंच दिसत नव्हतं. मी भोकाच्या बरोबर खाली उभा राहिलो आणि डोक्यावरची टोपी काढली. माझेही केस तोवर विरळ झाले होते. ऊब लागली. आईने आंघोळीनंतर टाळूवर तेल जिरवावं तशी.

हे दार उघडायला ती बाई जावी लागली. जी मला आत येऊ देत नव्हती तीच माझी वाट पाहत इथं उभी राहायची, आणि आता मी आत आलो होतो तर माझी वाट पाहणारं इथं कोणी नव्हतं. मी त्या रिकाम्या चुलीपाशी पोटभर रडून घेतलं.

मग ट्यूबलाइट बसवली. डबा उतरवला. सागाच्या फळीचा एक गोल तुकडा कापून ते भोक बंद केलं, रंधा मारून सारखं केलं, की कोणाला कळू नये. तेवढं काम मी खालून केलं, काकूंच्या जागी उभं राहून.